सोनाराचा उंबर

एकदा एका सोनाराने झाड घडवायला घेतलं. झाड लावतात, वाढवतात, जोपासतात, हे तुमचे-आमचे शब्द. पण हा पडला सोनार. हाती आलेली वस्तू घडवायची, एवढंच त्याला ठाऊक. नदीकाठच्या त्या गावात दिगंबर सोनाराचा हात असा बसलेला होता की त्याच्या कामात खोट काढायला आलेला माणूस डोळ्याला भिंग लावूनही हात हलवत परत जाई. अशा माणसाला एखादी गोष्ट आपल्याला जमणार नाही, असं वाटणं जरा कठीणच असतं.

झाडाच्या नादाला तो का लागला, ते आधी सांगायला हवं. दिगंबर आणि त्याची पत्नी गिरिजा यांच्या घरी बऱ्याच वर्षांनी पाळणा हलला होता. मुलगी झाली, आणि बारसं व्हायच्या आतच ती गेली. पाळणा माळ्यावर गेला. भेटायला येणाऱ्यांचे समजुतीचे शब्द संपले, मग येणारेही संपले. गिरिजा घरातलं सगळं करी. स्वयंपाक, सडा, देवपूजा, कशात म्हणून कमी पडू देत नसे. फक्त ती बोलायची थांबली होती. विचारलं तर उत्तर देई, आणि ते उत्तर ठरलेलं असे.

"बरी आहे."

अशात परसातल्या भिंतीची डागडुजी निघाली. भिंतीच्या फटीत एक उंबर उगवला होता, वीतभर उंचीचा. गवंड्याने तो उपटायला हात घातला आणि स्वयंपाकघरातून गिरिजा तरातरा बाहेर आली.

"उपटू नका त्याला! दत्ताचं झाड आहे. आधी मी त्याला विचारते, मग मीच काढते."

गवंडी थांबला. दिगंबर तर जागच्या जागी उभाच राहिला, कारण इतकं लांबलचक वाक्य तिच्या तोंडून त्याने कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. त्या संध्याकाळी गिरिजाने रोपाला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, हात जोडून त्याची परवानगी मागितली. सकाळी भिंतीची माती ओली करून एकेक मूळ हलक्या बोटांनी सोडवलं आणि रोप कुंडीत लावलं. दिवसभर ती त्या कुंडीकडे वळून वळून पाहत होती. दिगंबरच्या मनाने घेतलं की माझी बायको परत येणार असेल, तर ती या झाडाचं बोट धरूनच येईल.

मग त्याला वाटलं, एवढ्या मोलाचं झाड, ते असं साध्या कुंडीत वेडंवाकडं का वाढावं?

गावाबाहेर नदीच्या उतारावर आप्पा नावाचे एक वृद्ध राहत. शहरात ज्याला बोन्साय म्हणतात त्याला आप्पा वामनवृक्ष म्हणत, आणि त्यांचं सारं आयुष्य त्या साधनेत गेलं होतं. दिगंबर त्यांच्याकडे गेला तेव्हा ते एका दगडी कट्ट्याशी बसले होते. कट्ट्यावर मातीची एक उथळ थाळी होती, आणि थाळीत वड होता. छोटं रोप नव्हे, वड. उंची हातभर, पण खोड ओंजळीत मावणार नाही इतकं जाड, सालीवर सुरकुत्या, फांद्यांवरून उतरलेल्या पारंब्या मातीत शिरून त्यांची निराळी खोडं झालेली. त्यांच्या सावलीतून मुंग्यांची एक रांग शिस्तीत चालली होती. एवढ्यात कुठूनसा एक बुलबुल आला, थाळीच्या काठावर बसला, वडाचं एक लालबुंद फळ चोचीने टिपलं आणि उडून गेला. त्या पाखराला हे झाड खोटं किंवा खेळण्यातलं वाटलं नव्हतं.

दिगंबरचे हात आपोआप जोडले गेले. देवळातही ते इतक्या सहज जुळत नसत.

"किती वर्षांचा हा, आप्पा?"

"माझ्या गुरूंनी माझ्या स्वाधीन केला, तेव्हाच तो माझ्याहून मोठा होता. आता मी म्हातारा झालो. तो अजूनही माझ्याहून मोठाच आहे."

"आणि पुरा कधी झाला?"

"म्हणजे?"

"म्हणजे, याची घडण संपली कधी?"

आप्पा मनापासून हसले. "अरे, तो अजून घडतोय. मी मधूनमधून लुडबुड करतो, तो ती चालवून घेतो."

दिगंबरला हा म्हातारपणचा विनय वाटला. घडण म्हणजे संपणारी गोष्ट. ती संपली की डबीत घालून गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची. तरी तो आप्पांचा शिष्य झाला. फांदी कुठे छाटावी, मुळं किती ठेवावीत, खोडाला तार गुंडाळून वळण कसं द्यावं, हे त्याने पाहता पाहता उचललं. तारेचं काम पाहून तर त्याचे हात शिवशिवू लागले.

"तुझ्या उंबराला इतक्यात तार नको," आप्पांनी बजावलं. "भिंतीतून निघालाय तो. एक वर्ष त्याला उघड्यावर राहू दे, जीव धरू दे. मग बघू."

एक वर्ष! दिगंबरला घरातली ती शांतता एक दिवसही सोसवत नव्हती. त्याने मान डोलावली, घरी आला, आणि पुन्हा आप्पांकडे फिरकला नाही.

त्याने स्वतः तांब्याची तार ओढली. भट्टीत लाल करून मऊ केली. मग भिंग लावून बसला आणि उंबराच्या खोडाला, फांद्यांना ती अशी गुंडाळली की दोन वेढ्यांमधलं अंतर कुठेही केसभर चुकलं नव्हतं. वेढे घट्ट, टोकं नाजूक वळवलेली. पानं तेलाच्या बोटाने पुसून चकचकीत केली. उथळ थाळी आणली, मुळं छाटून झाड त्यात बसवलं, आणि थाळी ठेवली बाहेरच्या खोलीत, काचेच्या कपाटात, दिव्याखाली. पाहणारा पाहत राही. दागिनाच तो.

गिरिजानेही पाहिलं. "छान आहे," म्हणाली.

मग पानं गळू लागली. रोज सकाळी कपाटाच्या फळीवर एखाददुसरं पिवळं पान पडलेलं दिसे. गिरिजा ते पदरात घेई, तुळशीपाशी नेऊन मातीत ठेवी आणि कामाला लागे. रागावली असती, रडली असती, तर दिगंबरला बरं वाटलं असतं. ती काहीच बोलत नव्हती. पदरातलं पान मात्र अशा बेताने नेई, की तो दुसरीकडे पाहू लागे. शेवटचं पान गळालं त्या सकाळी त्याने दुकान उघडलंच नाही. थाळी उचलली आणि नदीचा उतार गाठला.

"ये ये! अगदी उंबराचं फूल झालास की रे," आप्पा लांबूनच म्हणाले. मग त्याच्या हातात काय आहे ते त्यांना दिसलं, आणि त्यांनी थट्टा तिथेच थांबवली.

"आप्पा, हे झाड जायला नको. बाकी काहीही जाऊ द्या माझं, पण हे नको. हे गेलं तर ती..."

आप्पांनी थाळी कट्ट्यावर ठेवली. करड्या काड्यांचा तो सांगाडा त्यांनी चहूकडून पाहिला. तार सालीत रुतून बसली होती. त्यांनी कातरी घेतली आणि तार तुकड्या-तुकड्यांनी कापायला सुरुवात केली. एवढी जिवापाड गुंडाळलेली तार चुरा होऊन खाली पडताना पाहून दिगंबरला राहवेना.

"आप्पा, उलगडून निघाली असती."

"उलगडताना साल सोबत येते," आप्पा मान वर न करता म्हणाले. "तुझी तार उत्तम आहे हो. अशी मला जन्मात जमली नाही. पण आतलं खोड मोठं होत असतं, दिगंबर. तार होत नाही. आणि सूर्याचं काम तुझ्या दिव्याला कसं जमायचं?"

शेवटचा तुकडा पडला. खोडावर वेढ्यांचे खोल वण उरले होते. आप्पांनी अंगठ्याच्या नखाने बुंध्याजवळची साल किंचित खरवडली.

"भिंग आणलंयस ना? लाव डोळ्याला."

दिगंबर वाकला. करड्या, मेलेल्या सालीखाली एक रेघ उमटली होती. हिरवी. ओली. कसोटीच्या काळ्या दगडावर त्याने उभ्या आयुष्यात सोन्याच्या असंख्य रेघा पाहिल्या होत्या; पिवळ्याच्या कितीतरी छटा त्याच्या नजरेला पाठ होत्या. पण अशी रेघ त्याने कधी पाहिली नव्हती. पान नाही, कळी नाही, वाढ नाही, बाहेरून पाहणाऱ्याने सरपणात टाकावं असं लाकूड. आणि आत हे काय चाललं होतं? कुणाच्या आधाराने? त्याने स्वतः तर त्याचा गळा आवळण्यात काही कसर ठेवली नव्हती. त्याचे डोळे भरून आले आणि भिंगातलं सगळं अंधूक झालं.

"आहे," तो पुटपुटला. "आप्पा, आहे अजून."

"आहे," आप्पा म्हणाले. "घरी ने. परसात ठेव, सकाळचं कोवळं ऊन लागेल अशा जागी. माती वरून सुकली की पाणी घाल."

"आणि?"

"आणि काही नाही."

आता सोनाराला 'काही नाही' करायला सांगणं म्हणजे काय, ते सोनारालाच विचारा. दिगंबरने थाळी परसदारच्या पायरीशी ठेवली. ऊन दिलं, पाणी दिलं. पण रोज सकाळी उठलं की त्याच्या मनात पाल चुकचुके. आत हिरवं असेल ना अजून? मग तो पायरीशी उकिडवा बसे, भिंग लावी, आणि करंगळीच्या नखाने साल एवढीशी खरवडी. हिरवी रेघ दिसे. जीव भांड्यात पडे. त्या भरात तो आत जाऊन गिरिजाला विचारी, "झोप लागली का? आज जरा बरं वाटतंय ना?"

"बरी आहे," ती म्हणे.

दुपारी दुकानातून येऊन पुन्हा विचारी, "जेवलीस ना नीट? खरंच बरं वाटतंय ना?" त्याचा जीव तुटे म्हणूनच तो विचारी, त्याच्या मायेत खोट नव्हती. ती मान हलवी, आणि भांडी उचलून आत जाई.

रोज नवी जागा, नवी रेघ. बुंध्यापासून शेंड्याकडे रेघांची शिडीच तयार झाली. आणि हळूहळू त्या रेघा फिक्या होऊ लागल्या. एका सकाळी शेंड्याजवळची रेघ तपकिरी निघाली. त्याने खाली खरवडलं, तिथेही तपकिरी. आणखी खाली खरवडायचा धीर त्याला झाला नाही. थाळी छातीशी धरून तो पुन्हा नदीचा उतार गाठून आप्पांच्या दारात उभा राहिला.

आप्पांनी झाड पाहिलं. खोडावरच्या त्या शिडीवरून त्यांचं बोट सावकाश वर गेलं. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "कसोटी जवळ आहे का तुझ्या?"

दिगंबर गोंधळला. कसोटीचा दगड त्याच्या पिशवीत कायम असे. त्याने तो काढून दिला.

"आणि बोटातलं ते वळं दे."

ते त्याच्या लग्नातलं वळं होतं. कडेने बारीक नक्षी होती. त्याने काढून दिलं. आप्पांनी ते कसोटीवर घासलं. काळ्या दगडावर पिवळी रेघ उमटली.

"कसं आहे सोनं?"

"चोख आहे," दिगंबर म्हणाला.

आप्पांनी मान डोलावली आणि दुसरी रेघ ओढली. मग तिसरी. मग त्यांचा हात थांबेचना. वळ्याची तीच कड, तोच दगड, रेघेखाली रेघ. दिगंबरला आधी वाटलं, म्हातारपणी माणसाला असा चाळा लागतो. मग त्याला अवघडल्यासारखं झालं. आणि कडेची नक्षी बुजत चाललेली दिसली तेव्हा मात्र त्याने गुरूचा हात धरला.

"आप्पा, पुरे! झिजतंय ते!"

"का? चोख आहे का ते बघतोय."

"ते पहिल्याच रेघेत कळलं की!"

"मग पुढच्या रेघा मी कशासाठी ओढल्या?"

दिगंबरने खाली पाहिलं. दगडावर त्याच्या सोन्याच्या रेघा उन्हात चमकत होत्या. बाजूला थाळीत उंबराचं खोड होतं, आणि त्यावर तेवढ्याच जवळजवळ, तेवढ्याच नेमक्या, त्याच्या स्वतःच्या नखाच्या रेघा होत्या.

"सोनं निर्जीव आहे," आप्पा हळू आवाजात म्हणाले, "तरी कसाला लावलं की कणभर जातं. तुम्हा सोनारांना हे माहीत असतं, म्हणून तुम्ही एकदा रेघ ओढता आणि दगड बाजूला ठेवता. हा तर जीव आहे. पालवी फोडायला त्याने आत जे थोडंसं बळ जमवलं होतं, ते रोज तुझी जखम भरण्यात गेलं. तू त्याला विचारत होतास, जगतोयस का? आणि प्रत्येक वेळी उत्तर द्यायला त्याला थोडं मरावं लागत होतं. एक रेघ मी ओढली, ती तुझा धीर सुटू नये म्हणून. ती दिसल्यावर विश्वास ठेवायचा होता."

दिगंबर खाली मान घालून ऐकत होता. नदीवरून वारा आला आणि थाळीतल्या वडाची पानं हलली. आप्पांनी वळं त्याच्या हातात परत दिलं आणि अगदी सहज विचारलं, "घरी गिरिजा कशी आहे?"

"रोज विचारतो, आप्पा. सकाळी उठल्यावर विचारतो. दुपारी..."

तो थांबला. त्याची नजर कसोटीच्या दगडावर गेली आणि तिथेच खिळली. आप्पांनी पाण्याची झारी उचलली आणि ते वडाच्या मागे गेले. शिष्याला रडायचं असेल तर त्याला आडोसा हवा, एवढं त्यांना कळत होतं.

निघताना दिगंबरने विचारलं, "झाड जगेल का?"

"ते मला ठाऊक नाही," आप्पा म्हणाले. "पाणी घालता येतं, ऊन देता येतं, जवळ बसता येतं. आपल्या हाती एवढंच असतं. ते काही थोडं नाही, बाबा."

घरी आल्यावर त्याने थाळी पुन्हा परसदारी ठेवली. भिंग दुकानात नेऊन ठेवलं. संध्याकाळी गिरिजा पायरीवर बसली होती. तो तिच्या शेजारी जाऊन बसला. 'बरं वाटतंय ना' हे शब्द जिभेवर आले, आणि त्याने ते गिळले. सोपं नव्हतं ते. सोन्याच्या तारेला वळण देणाऱ्या त्या हातांना आता नुसतं मांडीवर पडून राहायचं होतं. गिरिजाने एकदा त्याच्याकडे पाहिलं. तो रोजचा प्रश्न येईना, म्हणून बहुधा. मग तीही समोर पाहू लागली. दोघं अंधार पडेपर्यंत तशीच बसली.

दुसऱ्या दिवशीही बसली. पुढेही बसत राहिली. पाणी कधी तो घाली, कधी ती. शेंडा वाळून गेला. झाडाकडे पाहिलं की दिगंबरच्या नखांना अजून कंड सुटे, मग तो दोन्ही हात काखेत दाबून धरी. माणसाला मोठमोठे पराक्रम जमतात. हात आवरणं त्याहून अवघड असतं, हे त्याला त्या पायरीवर कळलं.

मग एका सकाळी तो अंघोळ करून येत असताना परसातून हाक आली.

"अहो, इकडे या. हळू या."

गिरिजा थाळीपाशी वाकून बसली होती. तिचं बोट झाडाच्या बुंध्याकडे होतं, तारेच्या सर्वांत खालच्या वणाकडे. शेंडा वाळू लागल्यापासून त्याने नेहमी वरच पाहिलं होतं, फांद्यांकडे, शेंड्याकडे. या वणाकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. जिथे तार सर्वांत खोल रुतली होती, तिथेच, त्या वणाच्या काठातून, एक कोंब बाहेर आला होता. इवलासा, तांबूस, मिटलेला. कालपर्यंत तिथे काही नव्हतं. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी खरवडलं नव्हतं. कोवळं ऊन त्याच्यावर पडलं होतं आणि त्या उन्हात तो आतून उजळल्यासारखा दिसत होता.

दिगंबर गुडघ्यांवर बसला. आप्पांच्या वडापुढे हात जोडताना त्याला वाटलं होतं, याहून थोर काही आपल्याला दिसायचं नाही. आज या तांदळाच्या दाण्याएवढ्या कोंबापुढे त्याचे हात पुन्हा जुळले.

"तिची बोटं अशीच होती," गिरिजा म्हणाली.

दिगंबरने मान वळवली नाही. किती प्रश्न होते त्याच्याकडे! त्याने एकही विचारला नाही.

"अशीच मिटलेली," ती म्हणाली. "उघडून बघावी म्हटलं तर पुन्हा मिटायची. तुम्ही दमून झोपला होता. मी एकटीच बघत बसले होते." मग ती रडू लागली, पहिल्यांदाच, मोठ्याने, आणि रडता रडता बोलतही होती. मुलीचं जावळ, तिची जांभई, रडण्याआधी तिचा ओठ कसा मुडपायचा ते. दिगंबर ऐकत होता आणि त्याच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ऊन पायरीवरून परसात उतरलं, तरी दोघं तिथेच होती.

शेवटी ती म्हणाली, "नाव ठरवलं होतं मी तिचं. बारशाला सांगणार होते."

तो थांबून राहिला. आणि थोड्या वेळाने तिने ते नाव सांगितलं.

तो उंबर पुढे चांगला वाढला. दिगंबरने त्याला परत तार लावली नाही. वण मात्र खोडावर राहिले आणि झाडाने ते आपल्या सालीत सामावून घेतले. कसोटीचा दगड त्या दिवसापासून दुकानातच असतो. मुलीचं नाव काय होतं, असं ही गोष्ट ऐकणारा कुणी ना कुणी मला हटकून विचारतो. ते नाव त्या दोघांचं आहे. आपण ते विचारू नये.